काकडलेल्या जीवाणूपासून मक्याच्या पेटंटपर्यंत

५ जुलै २०१३ रोजी आपल्याकडच्या बौद्धिक संपदा अपिलीय मंडळाने मोन्सँटो कंपनीचं एक अपील फेटाळलं. उष्णता, क्षार आणि पाण्याचा ताण सोसणारी वनस्पती तयार करण्याची पद्धत आम्ही शोधली, तिचं पेटंट द्या, अशी कंपनीची मागणी होती. पद्धतीचा गाभा साधा आहे. थंडीत जीवाणूला तगवणाऱ्या एका प्रथिनाचं जनुक घ्यायचं आणि ते पिकात घालायचं. थंडीचं प्रथिन दुष्काळात कसं कामाला आलं, आणि त्यावर हक्क नेमका कुणाचा, हे समजून घ्यायचं तर पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

१९६० च्या सुमारास इटलीत फेरुच्चो रितोसा फळमाशीच्या अळ्यांच्या लाळग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. या ग्रंथींतली गुणसूत्रं चांगली जाडजूड, आडव्या पट्ट्यांची असतात. जिथलं जनुक जोरात काम करतं तिथे पट्टी फुगून येते. एक दिवस भलत्याच जागी फुगवटे दिसले. कुणीतरी उबवणपेटीचं तापमान वाढवून ठेवलं होतं. रितोसांनी पेशी टाकून दिल्या नाहीत, मुद्दाम उष्णता देऊन तेच पुन्हा घडवून आणलं आणि १९६२ मध्ये निरीक्षण छापलं. उष्णतेचा चटका बसताच पेशी ठरावीक जनुकं जागी करते, हे पहिल्यांदा कळलं ते असं. त्या जनुकांपासून तयार होणारी प्रथिनं हाती लागायला मात्र १९७४ उजाडलं. हीट शॉक प्रोटीन हे नाव रूढ झालं आणि पुढच्या काही वर्षांत जीवाणूंपासून माणसापर्यंत सगळीकडे त्यांचे भाऊबंद सापडले.

या प्रथिनांचं काम सांभाळ करण्याचं. नवं प्रथिन लांब साखळीच्या रूपात तयार होतं आणि त्याला अचूक घडी पडली तरच ते उपयोगाचं. उष्णतेने घड्या विस्कटतात, उघड्या पडलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटतात. ई. कोलाय जीवाणूतलं ग्रोईएल हे प्रथिन पिंपासारखं पोकळ असतं. विस्कटलेली साखळी ते आत घेतं आणि नीट घडी पडायला आडोसा देतं. १९८९ मध्ये याच यंत्रणेच्या मदतीने ई. कोलायमध्ये वनस्पतींच्या कामाच्या रुबिस्को या एन्झाइमची, त्याच्या जीवाणूंतल्या रूपाची, योग्य जुळणी करून दाखवली गेली. एका जीवाचं ताणप्रथिन दुसऱ्या जीवाच्या प्रथिनाला हात देऊ शकतं, याचा तो स्वच्छ पुरावा होता.

थंडीची गोष्ट उशिरा सुरू झाली. मिशिगनमधल्या फ्रेडरिक नाइडहार्ट यांच्या प्रयोगशाळेने १९८७ मध्ये ई. कोलायला ३७ अंशांवरून एकदम १० अंशांवर आणलं. वाढ काही तास थांबली, पण मोजकी प्रथिनं मात्र भराभर तयार होत राहिली. त्यातलं सगळ्यात ठळक, अवघ्या ७० अमिनो आम्लांचं प्रथिन न्यू जर्सीत मासायोरी इनोउये यांच्या गटाने १९९० मध्ये ओळखलं. ते सीएसपीए, म्हणजे कोल्ड शॉक प्रोटीन ए. दोनच वर्षांनी जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये मोहम्मद मराहिएल यांच्या गटाने बॅसिलस सबटिलिस या मातीतल्या निरुपद्रवी जीवाणूत त्याचं भावंड शोधलं, सीएसपीबी. हे ६७ अमिनो आम्लांचं. १९९३ मध्ये त्याची त्रिमितीय रचनाही प्रसिद्ध झाली. पुढच्या वादात या तारखाच कळीच्या ठरल्या.

सीएसपी करतं काय? जनुकाचा निरोप आरएनएच्या धाग्यावर लिहिलेला असतो. गारठ्यात हा धागा स्वतःवरच दुमडतो, त्याला गाठी बसतात, जशा पीळ पडलेल्या सुतळीला बसतात. गाठीपाशी रायबोसोम, म्हणजे निरोप वाचून प्रथिन जोडणारं पेशीतलं यंत्र, अडतो आणि प्रथिननिर्मिती थांबते. सीएसपी या धाग्याला जागोजागी धरून तो मोकळा ठेवतं. १९९७ मध्ये इनोउये यांच्या गटाने हे प्रयोगाने मांडलं.

या ज्ञानाचा पहिला मोठा फायदा शेताआधी प्रयोगशाळेला झाला. ज्यांनी ई. कोलायकडून परकं प्रथिन बनवून घेतलंय त्यांना तो अनुभव सांगायला नको. ३७ अंशांवर रात्रभर वाढवलेले जीवाणू फोडावेत, नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावी, आणि हवं ते प्रथिन नळीच्या तळाशी खडूच्या भुकटीसारख्या पांढऱ्या गोळ्यात बसलेलं दिसावं. वरच्या पाण्यात काहीच नाही. आठवड्याची मेहनत वाया. तापमान १५-१६ अंशांवर आणलं की अनेकदा तेच प्रथिन विरघळलेल्या अवस्थेत मिळतं, पण थंडीत जीवाणू आळसावतात. सीएसपीएचं जनुक चालू करणारी कळ उलट वागते, गारवा लागला की ती दाबली जाते. २००४ मध्ये या कळीवर चालणारे प्लाझमिड, म्हणजे जीवाणूत हवं ते जनुक नेणारे डीएनएचे छोटे गोल, जाहीर झाले. मला ही सगळ्यात देखणी युक्ती वाटते, कारण जीवाणूची सवय आहे तशीच ठेवून फक्त तिला आपलं काम सोपवलंय.

मोन्सँटोने वेगळी वाट धरली. सीएसपीए आणि सीएसपीबीची जनुकं त्यांनी अराबिडोप्सिस ही प्रयोगशाळेतली छोटी वनस्पती, भात आणि मका या तिन्हींत घालून पाहिली. २००८ मधल्या शोधनिबंधात पाण्याच्या ताणाखाली मक्याचं उत्पन्न सुधारल्याचे शेतातले आकडे दिले होते. मका उत्पादकाला याचं महत्त्व वेगळं समजवावं लागत नाही. तुरा येऊन कणसातून केस बाहेर पडायच्या ऐन वेळी पावसाने ओढ दिली की दाणा भरत नाही आणि नंतर कितीही पाऊस झाला तरी कणीस बोडकंच राहतं. सीएसपीबी घातलेल्या मॉन ८७४६० या मक्याला अमेरिकेच्या कृषी खात्याने डिसेंबर २०११ मध्ये मोकळीक दिली आणि २०१३ पासून तो ड्राउटगार्ड नावाने विकला जाऊ लागला. त्याच खात्याच्या मूल्यमापनात मात्र पारंपरिक पैदाशीतून आलेले तुल्यबळ वाण आधीच उपलब्ध असल्याचं नमूद आहे. म्हणजे जनुकाचा उपयोग होता, पण बेताचा. दुष्काळ संपवणारं बियाणं ते कधीच नव्हतं आणि तसं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आता भारतातला खटला. पेटंट कार्यालयाने अर्ज नाकारताना तीन मुद्दे घेतले होते. यात नवी कल्पकता नाही. ज्ञात पदार्थाचा हा केवळ नवा वापर आहे, म्हणून कलम ३(ड). आणि ही मुळात जैविक प्रक्रिया आहे, म्हणून कलम ३(ज). अध्यक्ष प्रभा श्रीदेवन यांच्या मंडळाने तिसरा मुद्दा मान्य केला नाही. पेशीत जनुक घालण्यात माणसाचा हात आहे, ती निव्वळ निसर्गाची करणी नाही, असं मंडळाने म्हटलं. पहिले दोन मात्र कायम ठेवले. सीएसपीची रचना आणि काम आधीच जाहीर होतं, तेव्हा ते वनस्पतीत घालून ताण सोसायला लावणं हे जाणकाराला सुचण्यासारखंच आहे, असा निष्कर्ष निघाला.

या निकालाबद्दल माझं मत दुभंगलेलं आहे. सार्वजनिक पैशातून, विद्यापीठांत, तीस वर्षं साठत गेलेल्या ज्ञानावर एका कंपनीने कुंपण घालू नये, हे मनापासून पटतं. पण थंडीपासून उष्णतेपर्यंतची उडी खरंच इतकी सहज होती का? आरएनएच्या गाठी गारठ्यात घट्ट होतात, उष्णतेत त्या आपोआप सैल होतात. मग गारठ्याचं प्रथिन उन्हाच्या तडाख्यात उपयोगी पडेल, हे आधीच सांगणारा जाणकार मला तरी माहीत नाही. निष्कर्ष मला मान्य आहे, त्यामागचं शास्त्र मात्र घाईने मांडलेलं वाटतं.

जीवाणूचं जनुक असलेलं पीक विदर्भ-मराठवाड्याला नवं नाही. २००२ पासून शेतात असलेल्या बीटी कापसात बॅसिलस थुरिंजिएन्सिसचं जनुक आहे आणि ते इथल्या वाणांत आणण्यात जालन्याच्या महिकोचा वाटा होता. मक्याला मात्र ती वाट मिळाली नाही, जनुकीय बदल केलेल्या मक्याच्या लागवडीला भारतात परवानगी नाही. आफ्रिकेत हेच सीएसपीबी जनुक २००८ मध्ये सुरू झालेल्या एका प्रकल्पासाठी रॉयल्टी न घेता देण्यात आलं. दक्षिण आफ्रिकेने त्या मक्याला २०१५ मध्ये मंजुरी दिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ती रद्द केली. मोन्सँटोचा मूळ आंतरराष्ट्रीय अर्ज २००४ चा होता. आपल्या मंडळाने पेटंट दिलं असतं तरी वीस वर्षांची मुदत २०२४ मध्येच संपली असती.