आईने बांधून दिलेली शिदोरी किती दिवस पुरते?

इंदिरानगरला आमच्या खालच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहतं. परवा संध्याकाळी दोघं वर आले. लेक कडेवर आणि तिचं लसीकरणाचं कार्ड हातात. तिला नऊ महिने पूर्ण झालेत, गोवर-रुबेलाचा पहिला डोस आता द्यायचा. आईचं म्हणणं, उद्याच देऊन टाकू. बाबा अडून बसलेले. "काकू, अमेरिकेत हा डोस बारा महिन्यांनंतर देतात. ही अजून अंगावर पितेय, आईची प्रतिकारशक्ती तिला मिळतेच आहे. मग आपल्याकडेच नवव्या महिन्याची घाई कशासाठी?" यावरून घरात चार दिवस अबोला होता.

लसीमुळे ऑटिझम होतो, असा एक व्हिडिओही त्यांनी दाखवला. त्याचं उत्तर छोटं आहे. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या १२ मुलांवरून तसा संशय मांडला. २०१० मध्ये तो लेख मागे घेतला गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये जो अभ्यास आला, त्यातही असा संबंध सापडला नाही. पण घाई कशासाठी, हा प्रश्न मला मनापासून आवडला. त्यात अर्धं खरं आहे. शिवाय त्याच्या उत्तरात शरीराची एक अशी करामत आहे, की ती शिकवताना दर वर्षी माझ्या अंगावर काटा यायचा.

बाळ पोटात असताना आई त्याला प्रतिपिंडांची शिदोरी बांधून देते. प्रतिपिंडं म्हणजे ठरावीक जंतूला पकडणारी रक्तातली प्रथिनं. त्यांचे प्रकार पाच, पण वारेतून (प्लासेंटातून) पलीकडे जातो तो एकच, आयजीजी. आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही, मग हे एवढे मोठे रेणू जातात कसे? वारेच्या पेशी आईच्या रक्तातला द्रव इवल्या इवल्या पिशव्यांत भरून आत ओढतात. आत गेल्यावर पिशवीतला द्रव आम्लधर्मी होतो. पिशवीच्या भिंतीवर एफसीआरएन नावाचं प्रथिन असतं. सामू, म्हणजे आम्लता मोजणारा पीएच, ६ च्या आसपास उतरला की ते आयजीजीला घट्ट धरतं, आणि ७.४ ला, म्हणजे रक्ताच्या सामूला, सोडून देतं. पिशवी पेशीच्या दुसऱ्या टोकाला बाळाच्या बाजूने उघडते, सामू बदलतो, मूठ सुटते आणि आईचं प्रतिपिंड बाळाच्या हवाली होतं. ज्या प्रथिनांना असं धरणारं कुणी नसतं, ती बहुतेक पेशीतच पचून जातात. केवळ आम्लतेच्या फरकावर मूठ मिटते आणि उघडते! ही ने-आण मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत चालते. म्हणून पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात आयजीजी आईपेक्षाही थोडं जास्त असू शकतं, आणि सातव्या महिन्यात जन्मलेल्याची शिदोरी अपुरी राहते.

आता दूध. बाबांचं गाव निफाड तालुक्यातलं, घरी गाई. मी विचारलं, वासराला पहिल्या दिवशी चीक मिळाला नाही तर? "दगावतं," ते लगेच म्हणाले. गाईच्या वारेतून प्रतिपिंडं जातच नाहीत. वासरू रिकाम्या हाताने जन्मतं, चिकातली प्रतिपिंडं पहिल्या दिवसभरात त्याच्या आतड्यातून थेट रक्तात शिरतात आणि मग ते दार बंद होतं. माणसाचं तसं नाही. आपली शिदोरी जन्माआधीच आलेली असते. आईच्या दुधात मुख्यतः आयजीए असतं, आणि ते आतड्याच्या अस्तरावर पहारा देतं. जुलाबापासून ते बाळाला मोलाचं संरक्षण देतं, तेव्हा अंगावर पाजणं चालूच ठेवावं. पण त्याने रक्तातल्या शिदोरीत भर पडत नाही, आणि गोवराचा विषाणू शिरतो श्वासातून.

शिदोरी मात्र रोज कमी होते. मोठ्यांच्या रक्तात आयजीजी सुमारे तीन आठवड्यांत निम्मं होतं, आईकडून आलेलं बाळात याहून सावकाश उतरताना आढळलं आहे. हिशोबापुरता दीड महिना धरू. दीड महिन्याला निम्मं, तिसऱ्याला पाव, सहाव्याला सोळावा हिस्सा, नवव्याला चौसष्टावा.

मग सहाव्या महिन्यातच लस का टोचत नाहीत? ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. त्याने शरीरात थोडं वाढायचं, तेव्हा कुठे बाळाच्या पेशी त्याला ओळखायला शिकतात. शिदोरी शिल्लक असली तर आईची प्रतिपिंडं लसीतल्या विषाणूलाही धरतात, तो वाढत नाही आणि शिकणं अर्धवट राहतं. नवव्या महिन्यात दिली तर शंभरातल्या सुमारे ८५ बाळांना संरक्षण मिळतं, बाराव्यात ९५ च्या आसपास. बाबांचं अर्धं खरं ते हे.

पण त्या तीन महिन्यांत शिदोरी संपलेली, लस नाही, असं बाळ उघड्यावर राहतं. गोवर क्वचितच दिसणाऱ्या देशाने ती जोखीम घेतली, आपल्याला ती परवडत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईबरोबर आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावातही गोवराची साथ होती. लस कुणीच घेतलेली नसेल तर एक रुग्ण १२ ते १८ जणांना गोवर देतो, आणि तो खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून तो पसरत असतो, त्यामुळे पुरळ दिसल्यावर लेकीला लांब ठेवू म्हणणं व्यर्थ. त्या साथीत जिथे दहा टक्क्यांहून जास्त रुग्ण नऊ महिन्यांच्या आतले होते, तिथे सहाव्या महिन्यापासूनच एक जादा डोस द्यायला केंद्राने सांगितलं. त्यानंतरही नववा महिना आणि सोळा ते चोवीस महिन्यांमधला, असे दोन्ही नेहमीचे डोस द्यायचेच होते.

गोवर एकदा अंगावर येऊन गेलेला बरा, उष्णता निघून जाते, असं त्यांच्या घरी थोरल्यांकडून ऐकलेलं. उष्णता निघत नाही, आठवण जाते. जुने जंतू लक्षात ठेवणाऱ्या पेशींवरच हा विषाणू घाला घालतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं, तेव्हा इतर जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के गेलेली आढळली. लसीने असं होत नाही. पुष्य नक्षत्रावर थेंब पाजून प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या जाहिराती शहरभर दिसतात. कोणत्या जंतूविरुद्धची शक्ती आणि ती मोजली कशी, एवढं तरी आईबापांनी विचारावं.

"मग माझी शिदोरी किती होती?" आईने मध्येच विचारलं. तिला लहानपणी लस मिळाली होती, गोवर कधी झाला नाही. सासूबाईंना झाला होता. लस घेतलेल्या आईकडची प्रतिपिंडं सरासरीने कमी असतात, आणि तिच्या बाळाची शिदोरी लवकर संपते. बाबांनी बोटांवर हिशोब केला. "म्हणजे हिची सहाव्या-सातव्यातच संपली असेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात मीही गेले. कुपीच्या तळाशी वाळलेला पांढरट थर, त्यात सिस्टरने द्रावण घातलं आणि कुपीवर वेळ लिहिली, कारण चार तासांनंतर ती फेकून द्यायची. उजव्या दंडात सुई, एक टाहो, की झालं. "सात ते बारा दिवसांत ताप येईल, बारीक पुरळही उठेल कदाचित, घाबरू नका," सिस्टर म्हणाल्या.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तेव्हा तो आत वाढत असणार."