निळं तळं, तिरका दगड

वेल्सच्या पेंब्रोकशर किनाऱ्यावरच्या अबेरैदीच्या ‘ब्लू लगून’चे फोटो समाजमाध्यमांवर फिरतात, तेव्हा खाली हमखास लिहिलेलं असतं: निसर्गाचा चमत्कार, अथांग! चमत्कार वगैरे काही नाही. ही स्लेटची खाण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बंद पडली, मग समुद्राकडची कड सुरुंगाने फोडली आणि पाणी आत आलं. खोलीही मोजलेली आहे, सुमारे 25 मीटर.

स्लेट म्हणजे जुन्या शाळकरी पाटीचा दगड. चिखलाचे थर एकावर एक बसले म्हणून तो पातळ फुटतो, असा सर्वसाधारण समज. पण स्लेट पुष्कळदा मूळ थरांना तिरकं कापत फुटते! भूपट्टांच्या रेट्याने गाळाचा दगड बाजूंनी दाबला जातो, तापतो. चिकणमातीच्या खनिजांपासून अभ्रक आणि क्लोराइटच्या चकत्या तयार होतात आणि त्या दाबाच्या दिशेला काटकोनात, पत्त्यांच्या जुडीसारख्या रांगेत बसतात. फूट पडते ती या रांगेतून. एकेकाळी याचं श्रेय दगडातल्या गूढ ध्रुवीय शक्तींना दिलं जाई. 1853 मध्ये इंग्रज भूवैज्ञानिक हेन्री सॉर्बीने स्लेटचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरून कारण दाब हेच असल्याचं मांडलं.

अबेरैदीच्या दगडात हा दाब डोळ्यांनी दिसतो. तिथे ग्रॅप्टोलाइट या समुद्री जीवांचे चिमट्याच्या आकाराचे जीवाश्म सापडतात. दाबामुळे दगड ज्या दिशेला ताणला गेला, त्या दिशेत पडलेले लांब-बारीक झालेले, तिला आडवे पडलेले आखूड-रुंद. दोन्हींची मापं ताडून दगड किती दाबला गेला ते काढता येतं.

कारागीर ठोकळा ओला असतानाच फोडतो. खाणीतली ओल उडाली की तो नीट फुटत नाही. रुंद, पातळ छिन्नी नेहमी मधोमध लावायची: अर्धा, मग त्याचा अर्धा. कडेने पातळ पापुद्रा काढायला गेलं की तो वाकतो, भेग त्याच्याकडे वळते आणि तुकडा मोडतो.

उत्तर वेल्सच्या स्लेटपुढे अबेरैदीचा माल हलकाच. तो ट्रामवेने शेजारच्या पोर्थगाइन बंदरात जाई. त्या गावाने पुढे स्लेटच्या भुकटीपासून विटा पाडल्या, नंतर डोलेराइट फोडून रस्त्यांची खडी विकली. डोलेराइट लाव्ह्याच्या कुळातला. त्याचे स्फटिक एकमेकांत अडकलेले, त्यामुळे पापुद्रे नाहीत, टोकदार खडी मात्र उत्तम. तोही धंदा 1931 मध्ये थांबला. खडी साठवायच्या विटांच्या अजस्र कोठ्या धक्क्यावर अजून उभ्या आहेत.