मेहुण्यांची वसाहत

दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वेत बहुसंख्य लोक आजही ग्वारानी ही आदिवासींची भाषा बोलतात. आदिवासी समाज मात्र लोकसंख्येच्या जेमतेम दोन टक्के. बाकीच्यांच्या तोंडी ही भाषा कशी टिकली, याचं मूळ सोळाव्या शतकातल्या एका फसलेल्या सोयरिकीत आहे.

१५ ऑगस्ट १५३७ रोजी स्पॅनिशांनी नदीकाठी आसुन्सियोनचं ठाणं उभारलं. त्यांना तिथून पश्चिमेकडची चांदी गाठायची होती. तिथल्या ग्वारानी लोकांना नदीपलीकडच्या चाको प्रदेशातल्या शत्रूंविरुद्ध साथीदार हवा होता. ग्वारानी रीतीत तह म्हणजे सोयरीक. त्यांनी मुली दिल्या आणि परके ‘तोवाजा’, म्हणजे मेहुणे झाले. मेहुण्याच्या शेतावर राबायला जाणं त्यांच्यात रिवाजाचंच, पण ते दोन्हीकडून असतं. स्पॅनिशांनी एकेकानं कित्येक बायका केल्या आणि सासरच्यांना फुकटचे मजूर धरलं. पुढे छापे घालून बायका पळवणंही सुरू झालं. शेवटी १५५६ मध्ये गव्हर्नर इराला यानं ग्वारानींची स्पॅनिशांमध्ये रीतसर वाटणी केली. मेहुणे वेठबिगार झाले. याच इरालानं मृत्युपत्रात वेगवेगळ्या ग्वारानी स्त्रियांपासून झालेली मुलं आपली म्हणून नोंदवली.

चांदी हाती लागलीच नाही. पेरू आधीच दुसऱ्या स्पॅनिशांनी बळकावला होता. सोनं नाही, समुद्र नाही, मग स्पेनहून नवी माणसं, विशेषतः बायका, येणार कशाला? मुलं आयांजवळ वाढली. मायबोली हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यावा.

भाषा टिकण्याचं श्रेय बरेचदा जेझुइट या कॅथलिक धर्मप्रसारकांना दिलं जातं. १६०९ पासून त्यांनी ग्वारानींच्या वसाहती वसवल्या, त्यांच्यातल्या मोंतोयानं १६३९ मध्ये ग्वारानीचा कोश छापला, हे खरं. पण त्यातली निम्म्याहून अधिक गावं आज अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये आहेत, आणि तिथे ग्वारानी सर्वांची भाषा झाली नाही.

१८११ मध्ये देश स्वतंत्र झाला. शेजारी देशांशी झालेल्या १८६४–७० च्या सर्वनाशी युद्धात ग्वारानीतून वृत्तपत्रं निघाली; नंतर शाळांतून तिलाच हद्दपार केलं. चाको युद्धात (१९३२–३५) बोलिव्हियाच्या सैन्याला कळू नयेत म्हणून संदेश पुन्हा ग्वारानीत जाऊ लागले. १९४३ मध्ये चलनाचं नावही ग्वारानी ठेवलं. अधिकृत भाषेचा दर्जा मात्र १९९२ च्या राज्यघटनेनं दिला.

रोजच्या बोलण्यात ती स्पॅनिशमध्ये मिसळलेली असते. त्या भेसळीला ‘जोपारा’ म्हणतात. मका आणि घेवडा एकत्र शिजवून केलेल्या पदार्थाचंही तेच नाव.