गॉल : किल्ला व प्रेक्षणीय स्थळे

गॉल हे श्रीलंकेच्या दक्षिण प्रांताच्या राजधानीचे शहर असून ते बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, विषुववृत्ताच्या सुमारे सहा अंश उत्तरेस, कोलंबोपासून साधारणतः १२० किमी. अंतरावर वसले आहे. समुद्रात शिरलेल्या खडकाळ भूशिरावर तटबंदीयुक्त जुने शहर आणि त्याच्या उत्तरेस बाजारपेठ, रेल्वेस्थानक व आधुनिक वस्ती अशी त्याची दोन अंगे आहेत. पर्यटक ज्यासाठी येतात, त्यांतील बहुतेक सर्व स्थळे सुमारे ५२ हेक्टरांच्या पहिल्या अंगात सामावलेली आहेत. ‘गॉलचे जुने शहर व तटबंदी’ या नावाने १९८८ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक वारसा म्हणून नोंद केली. आत लोकवस्ती, न्यायालये, शाळा व प्रार्थनास्थळे नांदती असल्यामुळे हा किल्ला केवळ अवशेष म्हणून पाहता येत नाही.

बंदराचे प्राचीनत्व सर्वमान्य असले, तरी ते किती मागे न्यावे याविषयी मतभेद आहेत. बायबलमधील तार्शीश हे व्यापारी बंदर म्हणजेच गॉल, हे मत एकोणिसाव्या शतकातील काही इंग्रज लेखकांनी मांडले. त्यास भौतिक पुरावा नाही आणि आजचे अभ्यासक सहसा त्याचा आधार घेत नाहीत. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने ‘काली’ या नावाने या गावाचा उल्लेख केला आहे. तेथपासूनचा इतिहास अधिक खात्रीने सांगता येतो.

या संदर्भात गॉलच्या त्रैभाषिक शिलालेखाचे महत्त्व फार मोठे आहे. १९११ मध्ये शहरातील एका मोरीवर झाकण म्हणून पालथी घातलेली ही शिळा एका अभियंत्याच्या दृष्टीस पडली. तिच्यावर चिनी, तमिळ व फारसी अशा तीन भाषांत मजकूर कोरलेला असून चिनी मजकुरात मिंग सम्राट युंगलो याच्या कारकीर्दीचे सातवे वर्ष, म्हणजे इ. स. १४०९, नमूद आहे. शिळा चीनमध्ये घडवून नौदलप्रमुख झंग ह याच्या ताफ्याबरोबर श्रीलंकेस आणली गेली, याबद्दल फारसा वाद नाही. चिनी मजकूर बुद्धास, तमिळ मजकूर तेनवरै नायनार या विष्णुरूप देवतेस आणि फारसी मजकूर इस्लामी परंपरेस उद्देशून आहे. अर्पण केलेल्या सोने, चांदी, रेशीम व सुगंधी तेल यांच्या याद्या मात्र तिन्हींत बऱ्याच अंशी जुळतात. फारसी भाग सर्वाधिक झिजलेला असल्याने त्याचे वाचन अपुरे राहिले आहे. खरा वाद शिळेच्या मूळ स्थानाचा आहे. तेनवरै नायनाराचे मंदिर गॉलमध्ये नसून पूर्वेस सुमारे ५० किमी.वरील देवुंदर (दोंद्रा) येथे होते व सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते उद्ध्वस्त केले. त्यामुळे शिळा तेथेच उभारली गेली आणि नंतर गॉलला आणली गेली, असा तर्क केला जातो. याउलट, तीन भाषांत तीन समाजांना एकाच वेळी उद्देशून लिहिलेला लेख जेथे त्या तिन्ही समाजांचे व्यापारी एकत्र येत अशा बंदरातच अधिक शोभतो, असे दुसरे मत आहे. शिळा गॉलमध्येच सापडली हे ध्यानात घेता दुसरे मत सरळ वाटते, परंतु दगड उचलून दुसऱ्या बांधकामात वापरण्याची प्रथा सर्वत्र असल्याने पहिले मतही सोडून देता येत नाही. मूळ शिळा आज गॉलमध्ये नाही. ती कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, हे येथे येणाऱ्या अभ्यासूने आधीच लक्षात ठेवावे.

पोर्तुगीजांच्या आगमनाचे वर्ष काही बखरकार १५०५ तर काही १५०६ देतात. लोरेंसो द आल्मेदा याचे जहाज वाऱ्याने भरकटून प्रथम गॉलला लागले, अशी पारंपरिक समजूत आहे. हाच लोरेंसो पुढे १५०८ मध्ये कोकणातील चौलजवळच्या सागरी लढाईत मारला गेला. पोर्तुगीजांनी आरंभी येथे लहानसे ठाणे उभारले आणि तटबंदीचे काम सर्वसाधारणपणे १५८८ च्या सुमारास झाले असे मानतात. समुद्राची बाजू खडकांमुळे अभेद्य समजून त्यांनी मुख्यतः उत्तरेकडील जमिनीच्या बाजूस तट व तीन बुरूज बांधले. आजच्या ‘झ्वार्ट’ म्हणजे काळ्या बुरुजाच्या परिसरात सर्वांत जुन्या पोर्तुगीज बांधकामाचा अंश असावा, असे मत आहे. मार्च १६४० मध्ये विलेम याकोब्स कोस्टर याच्या नेतृत्वाखाली डच ईस्ट इंडिया कंपनीने गॉल जिंकले. कँडीचा राजा राजसिंह दुसरा हा या मोहिमेत कंपनीचा मित्र होता, तरी जिंकलेले बंदर कंपनीने स्वतःकडेच ठेवले. पुढे डचांनी संपूर्ण भूशिराभोवती तट फिरविला. समुद्राकडील भिंत अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, बहुधा १७२९ च्या सुमारास, पूर्ण झाली. १७९६ मध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला.

तटाला एकूण चौदा बुरूज असल्याचे सांगतात. तारा, चंद्र व सूर्य हे तीन बुरूज जमिनीच्या बाजूस असून ते सर्वांत उंच व भक्कम आहेत, कारण हल्ल्याची भीती त्याच बाजूने होती. समुद्राकडील बुरुजांची नावे इओलस, ट्रायटन, नेपच्यून, ऑरोरा अशी पाश्चात्त्य पुराणांतून घेतलेली आहेत. बांधकामात ग्रॅनाइटबरोबर प्रवाळखडकाचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला आहे. युरोपीय दुर्गरचनेचा आराखडा आणि दक्षिण आशियातील स्थानिक मोजमापे, साहित्य व बांधणी यांचा हा मेळच युनेस्कोने विशेष म्हणून नोंदविला. बंदराच्या बाजूचा जुना दरवाजा आवर्जून पाहावा. त्याच्या आतील अंगास दोन सिंह, कंपनीची मुद्रा, वर कोंबडा व १६६९ हे वर्ष कोरलेले आहे, तर बाहेरच्या अंगास नंतर बसविलेले ब्रिटिश राजचिन्ह आहे. आज वाहने ज्या दरवाजातून जातात, तो इंग्रजांनी १८७३ मध्ये तट फोडून केला.

गॉलच्या वास्तूंपैकी सर्वांत कमी दिसणारी, पण स्थापत्याच्या दृष्टीने सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे तेथील भूमिगत सांडपाणी-व्यवस्था होय. डचांनी सतराव्या शतकात रस्त्यांखाली विटांच्या कमानदार मोऱ्या बांधून त्या समुद्राकडे सोडल्या. प्रवासवर्णनांत व मार्गदर्शकांच्या तोंडी आढळणारे स्पष्टीकरण असे की, भरतीचे पाणी मोऱ्यांत शिरे आणि ओहोटीबरोबर घाण वाहून नेई. जागतिक वारशाच्या वर्णनात मात्र ट्रायटन बुरुजावरील पवनचक्कीने चालणाऱ्या पंपाद्वारे समुद्राचे पाणी मोऱ्यांत सोडले जाई, असे म्हटले आहे. त्याच पवनचक्कीने धुळीच्या रस्त्यांवर शिंपडण्यासाठी पाणी उपसले जाई, असेही अन्यत्र सांगितलेले आढळते. या किनाऱ्यावर भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांतील फरक एक मीटरपेक्षाही कमी असतो. मुंबई किंवा रत्नागिरीच्या भरतीची सवय असलेल्या वाचकास हे चटकन जाणवणार नाही, पण एवढ्या अल्प फरकावर भूशिराच्या मध्यापर्यंत मोऱ्या धुतल्या जाणे कठीण दिसते. म्हणून मुखांजवळचा भाग भरतीने व लाटांच्या जोराने, तर वरचा भाग उपसलेल्या पाण्याने किंवा पावसाने स्वच्छ होत असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. नैर्ऋत्य मोसमी पावसाचा या मोऱ्यांवरील परिणाम सहसा विचारात घेतला जात नाही. वस्तुतः मे ते सप्टेंबर या काळात तोच सर्वांत मोठा घटक असला पाहिजे.

धार्मिक वास्तूंत डच रिफॉर्म्ड चर्च हे प्रमुख होय. आजची इमारत १७५५ मधील असून तिच्या जमिनीत व भिंतींवर कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या कोरीव थडगेशिळा बसविलेल्या आहेत. अपत्यप्राप्तीच्या आनंदात गव्हर्नरच्या हाताखालील कमांडर कास्पारूस द योंग व त्याची पत्नी यांनी ते बांधविले, ही आख्यायिका लोकप्रिय आहे. ऑल सेंट्स हे अँग्लिकन चर्च गॉथिक धाटणीचे असून १८७१ मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले. दीपगृहासमोरील शुभ्र मीरान मशीद १९०४ मधील आहे. तिचे दोन मनोरे व दर्शनी भाग पाहून ती चर्च असल्याचा भास होतो. किल्ल्यात सुधर्मालय हे बौद्ध विहारही आहे.

युट्रेख्ट बुरुजावरील पांढरे दीपगृह २६.५ मी. उंच असून ते १९३९ च्या सुमाराचे आहे. त्यापूर्वीचे, १८४८ मधील लोखंडी दीपगृह १९३० नंतरच्या दशकात आगीत नष्ट झाले. चंद्र बुरुजावरील घड्याळाचा मनोरा १८८३ मध्ये डॉ. पी. डी. अँथनिझ या वैद्याच्या गौरवार्थ लोकवर्गणीतून उभा राहिला. जुन्या दरवाजालगतचे डच वखारगृह सतराव्या शतकातील असून १९९२ पासून तेथे सागरी पुरातत्त्व संग्रहालय आहे. १६५९ मध्ये बंदरातच बुडालेल्या ‘आवोंडस्टर’ या जहाजाचे उत्खनन त्याच्याशी निगडित आहे. हे जहाज मुळात इंग्रजांचे असून डचांनी ते पकडून आपल्या ताफ्यात घेतले होते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत संवर्धन-प्रयोगशाळा व त्यातील बऱ्याच वस्तू वाहून गेल्या, ही श्रीलंकेच्या पुरातत्त्वाची न भरून येणारी हानी होय. संग्रहालय २०१० मध्ये पुन्हा सुरू झाले.

त्या त्सुनामीत तटाबाहेरील बसस्थानक, बाजार व क्रिकेटचे मैदान यांची भीषण हानी झाली, परंतु तटाआतील वस्ती बऱ्याच अंशी बचावली. मैदान डिसेंबर २००७ मध्ये कसोटी सामन्यांसाठी पुन्हा सिद्ध झाले. येथेच जुलै २०१० मध्ये भारताविरुद्ध मुथय्या मुरलीधरन याने आपला ८०० वा व अखेरचा कसोटी बळी मिळविला. तटावर बसून सामना पाहण्याची प्रथा आजही आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गॉल हे वाफेच्या जहाजांचे कोळसा भरण्याचे मोठे ठिकाण होते. मुंबईहून चीनकडे जाणारी डाकजहाजेही येथे थांबत. जहाजांनी आणलेल्या बातम्या १८५० ते १८५८ या काळात कबुतरांकरवी कोलंबोच्या वृत्तपत्राकडे धाडल्या जात व तारायंत्र आल्यावर ती व्यवस्था बंद पडली. १८८५ च्या सुमारास कोलंबोचा धक्का पूर्ण झाला आणि गॉलचा व्यापार तिकडे गेला. त्यामुळे जुने शहर पाडून नवे बांधण्याइतका पैसा येथे उरला नाही. आजच्या अखंड तटाचे व डच घरांचे श्रेय संरक्षणाच्या धोरणापेक्षा या ओहोटीला अधिक द्यावे लागते. १९८८ नंतर, आणि विशेषतः त्सुनामीनंतर, अनेक घरे परदेशी खरेदीदारांकडे गेली व त्यांचे निवासगृहांत रूपांतर झाले. जुन्या मुस्लिम व इतर कुटुंबांच्या स्थलांतराचा प्रश्न त्यातून गंभीर झाला असून केवळ भिंती जपण्याने तो सुटणारा नाही.

बंदरापलीकडील रुमस्सला टेकडी द्रोणगिरीचा तुटून पडलेला भाग असल्याची लोकश्रद्धा आहे व तेथील औषधी वनस्पतींचा संबंध हनुमानाशी जोडला जातो. टेकडीवर जपानी भिक्षूंच्या पुढाकाराने बांधलेला शांतिस्तूप आहे. तिच्या पलीकडे उनवटुन हा पुळणीचा किनारा आहे. कोग्गल ते वेलिगम या पट्ट्यात समुद्रात रोवलेल्या खांबावर बसून गळ टाकणारे मच्छीमार दिसतात. ही पद्धत फार प्राचीन समजली जाते, पण ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रूढ झाली असावी, या मताकडे अभ्यासकांचा कल आहे, आणि आज खांबावर बसणारे अनेकजण छायाचित्राच्या मोबदल्यावरच अवलंबून असतात. किल्ल्यातील व परिसरातील स्त्रिया लाकडी फिरक्यांवर विणतात ती ‘बीरळू’ लेस पोर्तुगीजांकडून आली की डचांकडून, हे निश्चित झालेले नाही. भेटीस डिसेंबर ते एप्रिल हा काळ योग्य आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने पोहणे धोक्याचे ठरते.