उंबराचे फूल, अंजिराचे फळ

क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. उंबराला फूल येतेच, पण ते फळाच्या पोटात दडलेले असते. अंजीर हे उंबराचे सख्खे भावंड. वड आणि पिंपळही त्याच फायकस वंशातले. ज्याला आपण अंजिराचे फळ म्हणतो तो खरे तर आत वळलेला फुलोरा आहे. शेकडो बारीक फुले आतल्या भिंतीला चिकटलेली आणि बाहेरच्या जगाशी संबंध एवढाच, फळाच्या टोकाशी असलेले एक छिद्र. घरचे झाड पानांनी डवरते, सुपारीएवढी हिरवी फळे धरते आणि एके दिवशी ती सगळी गाळून टाकते. खत-पाणी ठीक असतानाही असे झाले, तर कारण या रचनेत शोधावे. माणसाला हा प्रश्न फार जुन्या काळापासून पडलेला आहे.

जॉर्डन नदीच्या खोऱ्यातल्या गिलगाल या ठिकाणी सुमारे 11,400 वर्षांपूर्वीची जळून कोळसा झालेली अंजिरे सापडली. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटले होते, की ही फळे परागीभवनाशिवाय वाढलेली आहेत, म्हणजे झाडे मुद्दाम फांद्या लावूनच वाढवलेली असणार. तसे असेल तर अंजिराची लागवड गहू-जवाच्याही आधीची ठरते. हा निष्कर्ष सर्वांना मान्य नाही. असे झाड रानातही अधूनमधून निपजते. पण मुद्द्यातला व्यवहार खरा आहे. परागाशिवाय वाढलेल्या फळातले बी पोकळ असते, ते उगवत नाही. झाड टिकवायचे तर फांदीच लावावी लागते आणि अंजिराची फांदी सहज मुळे धरते.

आजही कृती तीच. झाड विश्रांतीत असताना मागच्या वर्षीची, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्यावी. लांबी 20 ते 25 सेंमी, डोळे 3-4. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली द्यावा, चीक वाळू द्यावा आणि दोन तृतीयांश भाग भुसभुशीत, निचऱ्याच्या मिश्रणात खोचावा. मुळे फुटायला 4 ते 6 आठवडे लागतात. सडणारी बहुतेक कलमे याच काळात सडतात, कारण पाने दिसली की लोक पाणी वाढवतात. सुरुवातीची पाने फांदीतल्या साठ्यावर फुटलेली असतात. खाली मूळ असेलच असे नाही.

फळगळीचे कोडे ग्रीकांनी अर्धे सोडवले होते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात वनस्पतींचा अभ्यासक थिओफ्रास्टस याने नोंदवले आहे, की बागायतदार रानटी अंजिराची फळे आपल्या झाडांवर टांगतात, त्यांतून कीटक बाहेर पडतात आणि मग फळे गळत नाहीत. हा कीटक म्हणजे ब्लास्टोफॅगा ही जेमतेम 2 मिमीची गांधीलमाशी. ती नर-अंजिराच्या, म्हणजे त्या रानटी झाडाच्या, फळात जन्मते आणि अंगावर पराग घेऊन दुसऱ्या फळात शिरते.

हे ज्ञान पुस्तकात होते, तरी कॅलिफोर्नियाला त्याची किंमत मोजावी लागली. 1880 च्या दशकात तिथे स्मर्नाहून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरहून, नावाजलेल्या जातीची हजारो कलमे आणली गेली. झाडे उत्तम वाढली, फळे मात्र गळत राहिली. विकणाऱ्यांनी भलतीच कलमे माथी मारली, असा संशयही घेतला गेला. तिथल्या फ्रेस्नो गावचे बागायतदार जॉर्ज रोडिंग यांनी हाताने पराग आत घालून पाहिला तेव्हा फळ टिकले. अखेर 1899 मध्ये गांधीलमाशी तिथे रुजली आणि त्या अंजिराला कॅलिमिर्ना हे नाव मिळाले. कॅलिफोर्निया आणि स्मर्ना यांचा हा जोडशब्द.

या अनुभवातून पक्की झालेली विभागणी घरी झाड लावणाऱ्याने खरेदीआधी पाहावी. साध्या जातींना (ब्राउन टर्की, मिशन, कडोटा, सेलेस्ट) माशी लागत नाही. स्मर्ना गटाला लागतेच. तिसऱ्या, सॅन पेद्रो गटाचा पहिला बहार माशीविना येतो, दुसरा गळतो. चौथा नर-अंजिराचा गट सहसा खाण्याचा नाही. जिथे ही माशी नाही तिथे साधी जातच लावावी. बियांपासून वाढवलेले रोप तर घेऊच नये. त्यातली निम्मी झाडे नर निघतात.

दोन बहार म्हटले की छाटणी आली. पहिला बहार मागच्या वर्षीच्या लाकडावर धरतो, मुख्य बहार चालू हंगामातल्या नव्या फुटीवर. साध्या जातीची जोरदार छाटणी केली तर पहिला बहार जातो, मुख्य येतो. सॅन पेद्रो गटाच्या झाडाला तशीच कात्री लावली, तर त्या वर्षी हाती काहीच येत नाही. अशा झाडाच्या दरवर्षी एक तृतीयांश जुन्या फांद्याच काढाव्यात. नव्या फुटीला 5-6 पाने आली की शेंडा खुडावा. त्यानंतर जोर फळांकडे वळतो.

मोठ्या कुंडीत अंजीर वाढवणे ही आजची हौस नव्हे. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजबागेत बागेचे प्रमुख ला क्विंतिनी यांनी राजा चौदाव्या लुईसाठी लाकडी पेट्यांमध्ये शेकडो झाडे ठेवली होती. थंडीत ती आत हलवत. हेतू थंडीपासून बचावाचा, पण कोंडलेल्या मुळांचा फायदा वेगळाच. मोकळ्या, सकस जमिनीत अंजीर लाकूड आणि पानेच वाढवत बसते, कुंडीत लवकर फळावर येते. सुरुवात 15 ते 20 लिटरच्या कुंडीत करावी, शेवटी 40 ते 60 लिटर पुरे. दर 2-3 वर्षांनी मुळांचा बाहेरचा थर चार-पाच सेंमी कापून माती बदलावी. नत्र हात राखून द्यावे. झाड हिरवेगार पण फळ नाही, अशा तक्रारीत बहुधा नत्र जास्त आणि ऊन कमी झालेले असते; दिवसाला निदान 6 ते 8 तास थेट ऊन हवेच. कुंडी एकदा पूर्ण सुकली तर फळे गळतात. पिकत्या फळाला कोरडेपणानंतर एकदम भरपूर पाणी मिळाले तर ते तडकते आणि आत आंबते.

लवकर पिकवण्याची युक्तीही प्राचीन आहे. इजिप्तमध्ये सायकॅमोर या अंजिराच्या भाऊबंदाची फळे झाडावरच चिरत. थिओफ्रास्टसने लोखंडी नखाने खरवडण्याची नोंद केली आहे. जखम झाली की फळात इथिलीन वायू तयार होतो आणि तोच फळ पिकवतो. पुढे अंजिराच्या टोकाच्या छिद्रावर ऑलिव्ह तेलाचा थेंब लावण्याची रीत पडली. तिचाही परिणाम इथिलीनमार्फतच होतो. यात वेळ साधणे हीच सगळी कला. अंजीर आधी भरभर वाढते, मग कित्येक आठवडे आहे तेवढेच राहते आणि शेवटी पुन्हा फुगते. तेल लावायचे ते मधल्या थांब्याच्या अगदी अखेरीस, छिद्राभोवती रंग किंचित बदलू लागल्यावर. घाई केली तर फळ मऊ होते पण गोडी भरत नाही, किंवा गळूनच पडते.

तोडलेले कच्चे अंजीर पिकत नाही, म्हणून मान लवून फळ लोंबू लागेपर्यंत थांबावे. देठातून पांढरा चीक आला तर तोडायची घाई झाली. हा चीक कातडीवर राहिला आणि ऊन लागले तर फोड येतात. छाटणी आणि तोडणी पूर्ण बाह्या आणि हातमोजे घालूनच करावी.