काळी माती चिकट, मग फुलदाणी तिचीच का नाही?

छत्रपती संभाजीनगर असो वा नांदेड, कलादालनात शेंगेसारखी, वारुळासारखी घडवलेली सिरॅमिकची फुलदाणी दिसली की कुणीतरी म्हणतंच: आपली काळी माती इतकी चिकट, तिची याहून छान होईल. हा समज चुकीचा आहे. बेसॉल्टपासून बनलेल्या या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज पाणी पिऊन फुगतं आणि वाळताना आकसतं. उन्हाळ्यात रानाला पडतात तशा भेगा भांड्याला पडतात. आकार टिकलाच, तरी स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त उष्णतेत भाजलेल्या टणक सिरॅमिकच्या, सुमारे १२०० ते १३०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत तिच्यातलं लोह आणि चुना तिला वितळवू लागतात. म्हणून अशा भांड्यासाठी केओलिन (पांढरी चिनी माती), बॉल क्ले (बारीक, लवचिक माती) लागते. पण काळी माती टाकाऊ मुळीच नाही! वितळण्याच्या याच गुणामुळे ती चाळून भांड्यावर तिचा पातळ लेप दिला, तर भट्टीत तपकिरी-काळी झिलई मिळू शकते. आपल्याकडच्या कलाकारांनी ते करून पाहावंच.