ऑनलाइन इंग्रजीच्या तासिकेत शांततेचे नियोजन

सुट्टीचे दिवस जवळ आले की साताऱ्यात लहान मुलांच्या ऑनलाइन इंग्रजी वर्गांच्या जाहिराती दिसू लागतात आणि त्यांचा भर बहुधा व्हिडिओंच्या व शब्दांच्या संख्येवर असतो. त्या वाचून काही पालकांना वाटते की चांगले व्हिडिओ दाखवले की मूल आपोआप बोलू लागेल. काहींची मात्र खात्री असते की पडद्यावरून लहान मुलाला भाषा येणे शक्यच नाही. महाराष्ट्रातील मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जात असल्याने हा प्रश्न घरोघरचा आहे, आणि प्रयोगांतून मिळालेले उत्तर या दोन्ही समजुतींपेक्षा वेगळे आहे.

पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसलेल्या व्यक्तीकडून ती ऐकणाऱ्या बाळांना चिनी ध्वनींतील फरक ओळखता आला. तेच साहित्य व्हिडिओवर पाहणाऱ्यांना आला नाही. पण 2014 साली रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ यांनी दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदे तीन प्रकारे शिकवून पाहिली: प्रत्यक्ष, व्हिडिओ कॉलवर, आणि दुसऱ्या मुलाशी झालेल्या कॉलचे ध्वनिचित्रमुद्रण दाखवून. पहिल्या दोन्ही गटांतील मुले शिकली, तिसऱ्यातील शिकली नाहीत. पडदा तिसऱ्या गटापुढे होता तसाच दुसऱ्या गटापुढेही होता. फरक एवढाच की कॉलवरची व्यक्ती त्या मुलाच्या बोलण्याला, हसण्याला, बोट दाखवण्याला वेळेवर उत्तर देत होती. म्हणून ऑनलाइन तासिकेचे पाठटाचण काढताना शिक्षकाने सर्वांत जास्त विचार या ‘वेळेवर’चा करावा, असे माझे मत आहे.

माणसांच्या संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, याची मोजणी 2009 साली दहा भाषांत करण्यात आली. सरासरी अंतर सुमारे 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग निघाले. याउलट, समोरच्या चित्राचे नाव आपल्याच भाषेत सांगायला प्रौढ माणसालाही साधारण 600 मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ असा की समोरच्याचे वाक्य पूर्ण होण्याआधीच आपण त्याच्या शेवटाचा अंदाज बांधून उत्तराची जुळवाजुळव करत असतो. परक्या भाषेत हा अंदाज चालत नाही, त्यामुळे मुलाची तयारी प्रश्न संपल्यावरच सुरू होते.

यात तंत्रज्ञानाचा विलंब मिसळतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे अडीचशे किलोमीटर अंतराला सव्वा मिलिसेकंद पुरतो; तेव्हा दोष अंतराचा नाही. आवाजाचे बहुधा 20-20 मिलिसेकंदांचे तुकडे करून त्यांतील माहितीचा आकार कमी केला जातो, त्यांची पाकिटे करून पाठवली जातात, आणि ती वेगवेगळ्या वेळी पोहोचत असल्यामुळे पलीकडचा फोन काही पाकिटे साठवून मगच आवाज वाजवतो. जावळी-पाटणच्या डोंगरांआड, जिथे सिग्नल चढत-उतरत राहतो, तिथे हा साठा वाढवावा लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा. समजा तो 300 झाला. प्रश्न मुलाकडे जायला 300 आणि उत्तर परत यायला 300, म्हणजे 600 मिलिसेकंद वाटेतच गेले. मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात असे आढळले. याच सवयीने ऑनलाइन शिकवणाऱ्या शिक्षकाने एक सेकंद वाट पाहून पुढचे वाक्य उच्चारले, तर मुलाला विचारासाठी मिळाले फक्त 400 मिलिसेकंद, म्हणजे मोठ्यांना स्वभाषेत लागतात त्यापेक्षाही कमी. मग मूल उत्तर देते तेव्हा शिक्षकही बोलत असतो, दोघे एकदम थांबतात, आणि दोन-तीनदा असे झाले की मूल गप्प राहायला शिकते. अशा मुलाला ‘लाजाळू’ ठरवणे अन्यायाचे आहे.

रो यांना असेही दिसले की थांबण्याचा वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की मुलांची उत्तरे लांबतात आणि न बोलणारी मुलेही बोलू लागतात. ऑनलाइन तासिकेत त्यावर वाटेतला वेळही धरावा आणि टाचणात प्रत्येक प्रश्नापुढे ‘चार सेकंद’ असे स्पष्ट लिहून ठेवावे. यामुळे अर्ध्या तासात प्रश्न कमी बसतात, म्हणून गट चार-पाच मुलांचाच हवा.

‘मध्यमेंदू जागृत करून’ मुलांना झटपट भाषा शिकवण्याचा दावा करणाऱ्यांना, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात तरी, पालकांनी पुरावा मागितला पाहिजे. मध्यमेंदू डोळ्यांच्या हालचाली आणि ऐकण्याच्या मार्गातील कामे जन्मापासून करत असतो. तो कुणी जागा करावा लागत नाही.

आपल्या शाळांत पाढे जसे एका सुरात म्हणतात, तशी इंग्रजी बडबडगीते कॉलवर म्हणून घेता येत नाहीत, कारण प्रत्येक घराचा विलंब निराळा असतो आणि एकाच वेळी अनेक आवाज आले की ॲप त्यांतले काही दाबून टाकते. सर्व मुलांचे माइक बंद करून फक्त शिक्षकाचा आवाज चालू ठेवला, तर प्रत्येक मूल आपापल्या घरी त्याच्याबरोबर तालात म्हणू शकते. त्यानंतर एकेकाचा माइक उघडून एकेक ओळ ऐकावी. ही ऐकणी करताना गोंगाट कमी करण्याची सोय शक्य असल्यास बंद ठेवावी. ‘स’ आणि ‘फ’ यांसारखे घर्षक, म्हणजे हवा घासत बाहेर पडून होणारे, ध्वनी गोंगाटासारखेच असतात, त्यामुळे ॲप कधी कधी तेही पुसते, आणि इंग्रजीतील अनेकवचनाचा शेवटचा ‘स’ मुलाने उच्चारूनही शिक्षकापर्यंत पोहोचत नाही.